इमर्जन्सी एक्झिटच्या दाराला मल्टिपॉइंट लॉक: निवड, जोडणी आणि देखभाल

इमर्जन्सी एक्झिटच्या दाराकडून दोन उलट अपेक्षा असतात. बाहेरच्याला ते पहार लावूनही उघडता येऊ नये आणि आतल्याला अंधारात, धुरात, मागून लोटालोट चालू असताना एका धक्क्यात उघडता यावं. एकाच लॅचचं, म्हणजे स्प्रिंगने बाहेर येणाऱ्या एकाच खिटीचं, लॉक दुसरी अपेक्षा सहज पुरी करतं, पण पहिलीत कमी पडतं. म्हणून वर, मध्ये आणि खाली असं तीन ठिकाणी धरणारं मल्टिपॉइंट लॉक बसवतात. मात्र दार जितक्या जागी धरलं जाईल, तितक्याच जागी ते अडकूही शकतं. निवडीपासून महिन्याच्या तपासणीपर्यंत हे डोक्यात पक्कं असेल तर बाकीचं बरंचसं आपोआप सुचतं.

बार दाबल्यावर आत काय होतं

लॉकचा मुख्य डबा दाराच्या मध्यावर, पल्ल्याच्या कडेत बसतो. त्यात लॅच, मुख्य बोल्ट, सिलिंडरची (किल्ली जिथे फिरते त्या भागाची) जागा आणि दांडीने फिरणारा गिअर असतो. कडेवरच्या लांब पट्टीमागून वर आणि खाली रॉड जातात. त्यांच्या टोकाला आकडे (हुक), गोल पिना किंवा सरळ बोल्ट असतात. पल्ल्यावरचा आडवा बार दाबला की चौकोनी दांडी फिरते, गिअर दोन्ही रॉड ओढतो आणि सगळे पॉइंट मागे येतात. म्हणजे तुमच्या हाताचा जोर तीन ठिकाणच्या घर्षणात वाटला जातो. एखादा पॉइंट त्याच्या खाचेत घासत असेल, तर त्याचा ताण बारवरच येतो.

आकड्यांच्या लॉकला पहारीने उचकटणं सर्वांत अवघड, कारण आकडा पट्टीच्या मागे जाऊन चौकटीला पकडतो. पण पल्ला दोन मिलिमीटर जरी खाली बसला, तरी घासायला लागतो तोही आकडाच. वर चौकटीत आणि खाली जमिनीत जाणारे सरळ बोल्ट उंच दारांना आणि जोडदारांना, म्हणजे दोन पल्ल्यांच्या दारांना, बरे पडतात. त्यांचा शत्रू म्हणजे खालच्या खाचेत साचणारा कचरा. पॉइंटचा प्रकार दाराची जागा पाहून ठरवावा, दिसण्यावरून नाही.

निवड: आधी माणसं, मग दार, शेवटी लॉक

पहिला प्रश्न: या दारातून कोण बाहेर पडणार? सभागृह, दुकान, शाळा, रुग्णालय अशा ठिकाणी इमारत ओळखीची नसलेले लोक असतात आणि घबराट होऊ शकते. तिथे आडवा बारच हवा. त्यासाठीचं युरोपीय मानक ईएन ११२५. कर्मचाऱ्यांपुरतं मर्यादित कार्यालय, गोदामाची मागची बाजू, जिथे सगळ्यांना दाराची सवय आहे, तिथे ईएन १७९ मधलं हँडल किंवा पुश पॅड चालतं.

दोन्हीतला फरक आकड्यांत दिसतो. ईएन ११२५ मध्ये मोकळ्या दाराचा बार ८० न्यूटनच्या आत, म्हणजे सुमारे ८ किलोच्या जोरात सुटला पाहिजे. त्याच दारावर १,००० न्यूटनचा, म्हणजे जवळपास १०० किलोचा, दाब असताना २२० न्यूटनच्या आत सुटला पाहिजे. माणसांचा लोंढा दारावर रेलला तर काय, याचं उत्तर या दुसऱ्या आकड्यात आहे. ईएन १७९ मध्ये हँडलला ७० आणि पुश पॅडला १५० न्यूटनची मर्यादा आहे. तिथे लोंढ्याचा दाब धरलेला नसतो, त्यामुळे सभागृहाला ते लावून भागत नाही. अमेरिकी नियमांत मर्यादा १५ पौंड, म्हणजे सुमारे ६७ न्यूटन. बारचा दाबायचा भाग पल्ल्याच्या रुंदीच्या निम्म्याहून कमी नको असं ते सांगतात, तर युरोपीय मानकात ६० टक्के लागतात.

हे आकडे हौसेने आलेले नाहीत. १९०३ मध्ये शिकागोच्या इरोक्वा थिएटरला आग लागली आणि ६०० हून अधिक लोक गेले. तिथल्या काही दारांना प्रेक्षकांनी कधी न पाहिलेल्या युरोपीय पद्धतीच्या कड्या होत्या आणि त्या कशा उघडायच्या हे अनेकांना कळलं नाही. दाबला की सुटणारा बार बाजारात आला तो या घटनेनंतरच्या काही वर्षांत. ‘आमच्या लोकांना हँडल कसं फिरवायचं माहीत आहे’ हा युक्तिवाद करायच्या आधी याचा विचार करावा.

दुसरा प्रश्न: खरोखर किती पॉइंट हवेत? दोन मीटरच्या आसपासच्या, चांगल्या लटकलेल्या लोखंडी दाराला, बाहेरून फारसा धोका नसेल तर एका पॉइंटचं पॅनिक डिव्हाइस, म्हणजे बार दाबला की सुटणारं लॉक, पुरतं. त्याची देखभाल निम्मी असते. तीन पॉइंट घ्यावेत ते दार उंच असेल, मागच्या एकाकी बाजूला असेल, वाऱ्याने फडफडत असेल किंवा पल्ला वरखाली वाकून सील सुटत असेल तेव्हा. ‘जास्त ते चांगलं’ म्हणून पाच पॉइंटचं लॉक घेणं एक्झिटच्या दारावर चुकीचं.

घरगुती दाराचं मल्टिपॉइंट लॉक, ज्यात हँडल वर उचलून बोल्ट बाहेर काढायचे आणि किल्लीने बंद करायचं, ते इथे बसवू नका. किल्ली फिरवली की आतलं हँडलही अडकतं. त्यावर वेगळा बार बसवून ते पॅनिक लॉक होत नाही. लॉक, बार, रॉड, स्ट्राइक प्लेट (चौकटीवरची खाचेची पट्टी) असा पूर्ण संच एकत्र तपासून प्रमाणित झालेला असतो. एकाचं लॉक आणि दुसऱ्याचा बार जोडला की त्या प्रमाणपत्राला अर्थ उरत नाही.

लेबलवरचा कोड वाचायला शिका

ईएन ११२५ च्या डिव्हाइसवर दहा जागांचा कोड असतो. उदाहरणार्थ ३-७-६-बी-१-३-२-२-ए-ए. पहिला ३ म्हणजे जास्त वापर. दुसऱ्या जागी ७ म्हणजे २ लाख वेळा उघडझाप, ६ असेल तर १ लाख. तिसरा दाराचं वजन सांगतो: ६ म्हणजे २०० किलोपर्यंत. चौथी जागा आगीची. ० असेल तर फायर डोअरला, म्हणजे आग-धूर अडवणाऱ्या दाराला, चालणार नाही, ए म्हणजे धूर अडवणाऱ्या दाराला, बी म्हणजे धूर आणि आग दोन्हींना. सहावा आकडा गंजाचा: ३ म्हणजे मिठाच्या फवाऱ्यात ९६ तास, ४ म्हणजे २४० तास. दमट किंवा समुद्राजवळच्या जागी इथे ४ पाहा. आठवा बार किती बाहेर येतो ते सांगतो: १ म्हणजे १५० मिमीपर्यंत, २ म्हणजे १०० मिमीपर्यंत. अरुंद जिन्यात या ५० मिमीचा फरक पडतो. नवव्या जागी ए म्हणजे ढकलायचा बार, बी म्हणजे दाबायची पट्टी. दहावी जागा डिव्हाइस कोणत्या दारांना चालतं ते सांगते, आणि जोडदारासाठी लॉक घेताना तीच पाहायची राहून जाते.

बाहेरची बाजू आणि सिलिंडर

बाहेरून काय हवं ते ऑर्डर देण्याआधी ठरवा. नुसती सपाट प्लेट, किल्लीने लॅच मागे ओढणारा नॉब, की किल्लीने मोकळं होणारं हँडल? लॉकचा आतला भाग प्रत्येकात वेगळा असतो, नंतर बदलता येत नाही. स्वतःहून लॉक होणाऱ्या प्रकारात दार बंद झालं की छोटी ट्रिगर खिटी चौकटीला टेकते आणि बोल्ट बाहेर फेकले जातात. रात्री किल्ली फिरवायला कोणी विसरलं असं होत नाही, म्हणून पहारा नसलेल्या दाराला हाच प्रकार बरा. मात्र बाहेर पडलेला माणूस परत आत येऊ शकत नाही, हे जिन्यात उघडणाऱ्या दारांना लक्षात घ्या.

सिलिंडरच्या बाबतीत हमखास चूक होते. साध्या सिलिंडरमधला कॅम, म्हणजे किल्लीबरोबर फिरणारा लोखंडी दात, अर्ध्यात थांबला तर काही पॅनिक लॉकमध्ये तो गिअरच्या वाटेत येतो. बाहेरून कोणी किल्ली अर्धी फिरवून तशीच ठेवली की आतून बार दाबूनही दार उघडत नाही. यावर उपाय म्हणजे सोडल्यावर कॅम स्वतः मोकळ्या जागी परत येणारा अँटिपॅनिक सिलिंडर. लॉकच्या कागदपत्रांत कोणता सिलिंडर चालतो हे लिहिलेलं असतं. आतून फिरवायच्या नॉबचा सिलिंडर तिथे स्पष्ट परवानगी असेल तरच लावा. बसवल्यावर बाहेरून किल्ली घालून पाव, अर्धी, पाऊण फिरवून सोडा आणि प्रत्येक वेळी आतून बार दाबून पाहा. दोन मिनिटांचं काम आहे, पण सहसा कोणी करत नाही.

मापं

टेप घेऊन दाराजवळ उभे राहा आणि हे लिहून घ्या: पल्ल्याची उंची, रुंदी, जाडी आणि वजन. कडेपासून सिलिंडरच्या मध्यापर्यंतचं अंतर, जे ३५ ते ६५ मिमीच्या दरम्यान वेगवेगळं मिळतं. दांडीच्या मध्यापासून सिलिंडरच्या मध्यापर्यंतचं अंतर, बहुधा ७२ किंवा ९२ मिमी. चौकोनी दांडीचं माप. पॅनिक आणि फायर लॉकमध्ये ती बऱ्याचदा ९ मिमीची असते. ९ च्या भोकात ८ ची दांडी घातली तर हँडल डुलतं आणि वर्षभरात भोकाचे कोपरे गोल होतात. शिवाय पल्ला आणि चौकट यांमधली फट तिन्ही उंचींवर मोजा. आणि दार कोणत्या बाजूला, कोणत्या हाताने उघडतं ते चित्र काढून द्या. ‘डावं’ आणि ‘उजवं’ यावर विसंबून चुकीचं लॉक येण्याचे प्रकार पुष्कळ होतात.

जोडदार असेल तर आधी उघडणारा आणि कड्यांनी धरलेला, दोन्ही पल्ल्यांवर बार लागतो. धरलेल्या पल्ल्याचा बार दाबला तरी दोन्ही सुटले पाहिजेत. बंद होताना आधी धरलेला पल्ला बसावा म्हणून वर कोऑर्डिनेटर लागतो. तो नसेल तर पल्ले चुकीच्या क्रमाने बसतात आणि आकडे हवेत राहतात.

जोडणी

१. लॉकला हात लावण्याआधी दार सरळ करा. बिजागऱ्यांचे स्क्रू घट्ट करा, कडेची फट वरपासून खालपर्यंत ३ ते ४ मिमी एकसारखी आहे का पाहा. पल्ल्याच्या दोन्ही कर्णांवर दोरा ताणा. मध्ये दोऱ्यांत अंतर पडत असेल तर पल्ला पिळलेला आहे. अशा पल्ल्याला मल्टिपॉइंट लॉक लावू नका, आधी पल्ला बदला.

२. बारची उंची तयार फरशीपासून ९०० ते १,१०० मिमीच्या दरम्यान ठेवा. फरशी अजून यायची असेल तर तिची जाडी धरा.

३. खाचा कापताना लॉक बाहेर काढून ठेवा. लॉक पल्ल्यात असताना हँडलच्या स्क्रूसाठी ड्रिल मारलं की धातूचा कीस आत जातो आणि सहा महिन्यांनी गिअर करकरायला लागतो. फायर डोअर असेल तर प्रमाणपत्रात दिलेल्या मापापेक्षा एकही जादा भोक नको. उष्णतेने फुगणाऱ्या पट्ट्या डब्याभोवती जशा सांगितल्या आहेत तशाच बसवा.

४. लॉक, मग रॉड, मग बार असा क्रम ठेवा. रॉडची लांबी ठरवताना बार दाबलेला ठेवून टोकं पूर्ण आत जातात का ते आधी पाहा. बार सोडल्यावर ती पूर्ण बाहेर येणं हे त्यानंतरचं. आत न येणारा बोल्ट बाहेर न जाणाऱ्या बोल्टपेक्षा कितीतरी धोकादायक.

५. स्ट्राइक प्लेट सर्वांत शेवटी. बोल्टच्या टोकांना रंगीत खडू चोळा, दार बंद करा, बोल्ट बाहेर येऊ द्या, उघडा. चौकटीवर उमटलेल्या डागाच्या मध्यावर खाच येईल अशी प्लेट ठेवा. वर-खाली दोन मिमी मोकळी जागा राहू द्या. खालची खाच जमिनीत असेल तर तिला तळाला निचऱ्याचं भोक किंवा स्प्रिंगचं झाकण असलेला सॉकेट वापरा.

६. आता जोर मोजा. फोर्स गेजने बारच्या मधोमध आणि दोन्ही टोकांना दाबून आकडे लिहा. मग दोघांनी मिळून करायची चाचणी: एकाने खांद्याने दारावर रेलायचं, दुसऱ्याने एका हाताने बार दाबायचा. मोकळं दार अलगद सुटतं आणि रेललेलं सुटत नाही, असं झालं तर दोष प्लेटच्या कडेशी आहे. आकड्याचं पोट प्लेटला रेटून बसलं आहे. प्लेट एक-दोन मिमी सरकवा आणि पुन्हा करा.

पहिल्या दिवसाचे हे आकडे कार्डावर लिहून दाराच्या फाइलला लावा. पुढच्या सगळ्या तपासण्या यांच्याशीच ताडायच्या असतात.

दर महिन्याची तपासणी

ईएन ११२५ मध्येच सांगितलं आहे की नियमित तपासणीत एका महिन्यापेक्षा जास्त खंड नको. जास्त वर्दळीच्या दाराला पंधरा दिवसांनी करा.

आधी कान लावा. नीट बसलेलं लॉक बार दाबला की एकच ‘खट्’ असा आवाज करतं. लॅचचा आवाज आधी आणि वरच्या आकड्याचा थोडा मागून येत असेल, तर वरचा रॉड ढिला झाला आहे किंवा आकडा घासतो आहे. मग डोळे. स्ट्राइक प्लेटच्या खाचेची कड पाहा. खालच्या कडेवर घासून चकाकणारी रेघ असेल आणि ती वरच्या, मधल्या, खालच्या तिन्ही प्लेटवर असेल, तर पल्ला खाली बसला आहे. दोष वरच्या बिजागरीत आहे, लॉकमध्ये नाही. एकाच प्लेटवर रेघ असेल तर ती प्लेट हललेली आहे किंवा पल्ला तेवढ्यात वाकला आहे.

अशा वेळी कारागीर कानस घेऊन खाच मोठी करून देतो. करू देऊ नका. बिजागरी घट्ट केली की रेघ थांबते. कानस मारली तर दोष लपतो, आकड्याची पकड कमी होते आणि दोन महिन्यांनी पल्ला आणखी बसला की पुन्हा तेच. फायर डोअर असेल तर प्रमाणपत्रही जातं.

मग हात. फोर्स गेजने तेच तीन आकडे घ्या. ८० च्या आत आहे एवढ्यावर समाधान मानू नका, पहिल्या दिवसाशी ताडा. ४५ वरून ७० वर गेलेला बार अजून मर्यादेत आहे, पण कुठेतरी काहीतरी घासायला लागलं आहे. जमिनीतली खाच उकरा. सिगारेटची थोटकं, वाळू, साबणाच्या पाण्याचा घट्ट थर हमखास सापडतो. शेवटी सगळे स्क्रू, विशेषतः बारच्या टोकांचे आणि कडेच्या लांब पट्टीचे. पट्टीचा एक स्क्रू वर आला तरी दार बंद होताना तो प्लेटला टेकतो.

तेलाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण जास्त नुकसान तेल घालूनच होतं. सिलिंडरमध्ये मशीनचं तेल घालू नका. त्याला धूळ चिकटते आणि पिना बसतात. तिथे कोरडं ग्राफाइट किंवा टेफ्लॉनचा स्प्रे पुरतो. लॅचचा उतार आणि आकड्यांच्या टेकणाऱ्या बाजूंना चिमूटभर पांढरं ग्रीस. जास्तीचं पुसून टाका. गंज सोडवायच्या स्प्रेने डबा भिजवला की आतलं कारखान्याचं ग्रीस धुऊन जातं. दोन दिवस मऊ चालतं, मग पूर्वीपेक्षा वाईट.

ऋतूंप्रमाणे दार बदलतं

दोन मीटर दहा सेंटिमीटर उंचीचा ॲल्युमिनियमचा पल्ला तापमान ३० अंशांनी वाढलं की सुमारे दीड मिलिमीटर लांबतो, पोलादी पल्ला त्याच्या निम्मा. उन्हात तापणाऱ्या दाराची बाहेरची बाजू आतल्यापेक्षा जास्त ताणली जाते आणि पल्ला धनुष्यासारखा वाकतो. वरचा आणि खालचा पॉइंट मधल्याच्या रेषेतून सुटतात. म्हणूनच सकाळी हलका लागणारा बार दुपारी जड होतो. लाकडी दार दमट हवेत फुगून फट खातं. सकाळी एकदा आणि भर दुपारी एकदा जोर मोजला की हे दिसतं. वर-खाली सोडलेली दोन मिमी मोकळी जागा यासाठीच असते.

नेहमीच्या तक्रारी

दार आपटल्याशिवाय लॉक होत नाही: ट्रिगर खिटी प्लेटपर्यंत पोहोचत नाही. फट मोजा आणि डोअर क्लोजरच्या (दार आपोआप बंद करणाऱ्या यंत्राच्या) शेवटच्या टप्प्याचा वेग थोडा वाढवा. दाबून सोडल्यावर बार पूर्ण बाहेर येत नाही: टोकाचा स्क्रू जास्त आवळला आहे, रंग सांध्यात गेला आहे किंवा स्प्रिंग थकली आहे, याच क्रमाने तपासा. लॅच सुटतो पण खालचा बोल्ट धरून ठेवतो: खाचेतला कचरा काढा, तरी राहिलं तर रॉडची जोडणी सरकली आहे. हँडल फिरतं पण काही होत नाही: दांडी किंवा गिअर तुटला आहे. त्या क्षणी ते दार एक्झिट नाही. दुरुस्ती होईपर्यंत माणूस उभा करा आणि रस्ता दुसरीकडे वळवल्याची पाटी लावा.

चोरीची भीती वाटली की रात्री साखळी, टॉवर बोल्ट किंवा कुलूप लावलं जातं. सकाळी ते काढायचं राहतं. एक्झिटच्या दाराला पॅनिक डिव्हाइसखेरीज दुसरी कोणतीही कडी नको, अगदी ‘तात्पुरती’सुद्धा नको. वर्दळीच्या वेळी बार दाबून ठेवायची सोय साध्या दाराला ठीक, फायर डोअरला अजिबात नाही, कारण लॅच न धरलेलं दार आगीत उघडं पडतं. रंगकाम असेल तर लॅच आणि बारच्या सांध्यांवर चिकटपट्टी लावा आणि काम झाल्यावर ती काढली का ते स्वतः पाहा. बाहेरच्या बाजूलाही नजर टाका. आतून सुटलेलं दार बाहेर ठेवलेल्या दुचाकीवर आपटलं तर लॉकचा काय उपयोग?

सुटा भाग बदलायची वेळ आली तर त्याच मॉडेलचा, त्याच संचातला घ्या आणि डब्यावरचा शिक्का पाहून क्रमांक लिहा. गिअर गेला असेल तर सहसा पूर्ण डबाच बदलतात, तो खोलून आतल्या स्प्रिंगा जुळवत बसू नका. नवा डबा बसला की किल्लीच्या तिन्ही अवस्थांतली आणि खांदा रेलून केलेली, अशा दोन्ही चाचण्या पुन्हा करा आणि कार्डावर जुन्या आकड्यांखाली नवे आकडे तारखेसह लिहा.